तीन पिढ्यांची साक्ष

‘खाण तशी माती’ ही म्हण आपल्या समाजात इतकी मुरलेली आहे की तिच्याजवळ पुरावा मागावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. मुलीसाठी स्थळ पाहावयास निघालेला गृहस्थ घरदार, शिक्षण, मिळकत यांची चौकशी उघडपणे करितो. परंतु ‘त्या घराण्यात कोणास वेड वगैरे नाही ना?’ हा प्रश्न तो एखाद्या दूरच्या नातलगास, तोही हलक्या आवाजात, विचारतो. या चौकशीस आम्ही हसत नाही. मनाच्या पुष्कळ विकारांत आनुवंशिकतेचा अंश असतो हे आजचे शास्त्रही सांगते. मात्र हाच प्रश्न एकदा न्यायासनापुढे मोठ्याने विचारला गेला, आणि त्याच्या उत्तरावर एका मुलीचे पुढील मातृत्व कायमचे हिरावले गेले. ती हकीकत आज पुन्हा सांगण्यास कारण आहे. ते ओघाने येईलच.

कॅरी बक ही अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, शार्लट्सव्हिल येथे, १९०६ साली जन्मली. तिची आई एम्मा हिला १९२० साली लिंचबर्गनजीकच्या, अपस्मारी व मंदबुद्धी लोकांसाठी चालविलेल्या सरकारी वसाहतीत धाडण्यात आले. कॅरी लहानपणापासूनच परक्या कुटुंबात वाढत होती. शाळेत ती सहाव्या इयत्तेपर्यंत पोहोचली, अभ्यास व वर्तणूक या दोहोंविषयी शिक्षकांचा शेराही चांगला होता. पण घरकामास हात हवा म्हणून पालकांनी तिला शाळेतून काढले. सतराव्या वर्षी ती गरोदर राहिली. पालनकर्तीच्या भाच्याने आपल्यावर बलात्कार केला, असे तिने पुढे सांगितले. त्या कुटुंबाने मात्र तिलाच मंदबुद्धी ठरविण्यासाठी अर्ज केला. १९२४ च्या मार्चमध्ये व्हिव्हियन ही मुलगी झाली. तिला पालकांनी ठेवून घेतले आणि कॅरीची रवानगी आई होती त्याच वसाहतीत झाली.

त्याच वर्षी व्हर्जिनियाने अशा लोकांच्या सक्तीच्या वंध्यीकरणाचा कायदा केला. तो न्यायालयात टिकतो की नाही हे पाहण्यासाठी वसाहतीच्या अधीक्षकांस एक खटला हवा होता, आणि त्यासाठी त्यांनी कॅरीला निवडले. तिच्या बाजूने जो वकील उभा करण्यात आला तो स्वतः पूर्वी त्या वसाहतीच्या नियामक मंडळावर होता. इतके सांगितले म्हणजे बचाव कसा झाला असेल हे वाचकांस निराळे सांगावयास नको.

पुरावा पाहण्यासारखा आहे. कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील सुप्रजाजनन कार्यालयातील हॅरी लाफलिन या विद्वानाने कॅरीस कधी पाहिलेही नव्हते. अधीक्षकांनी पत्रातून कळविले तेच त्याने लेखी साक्षीत शास्त्राच्या भाषेत परत पाठविले. एका परीक्षेवरून आईचे मानसिक वय आठांच्या आत आणि मुलीचे नऊ ठरले होते. तिसऱ्या पिढीचे काय? व्हिव्हियन तेव्हा आठ महिन्यांचीही झाली नव्हती. समाजसेवेचे काम करणाऱ्या एका बाईंनी साक्ष दिली की मुलीच्या चेहऱ्यात काहीतरी नेहमीसारखे नाही, पण ते काय हे नेमके सांगता येत नाही. एवढ्यावर तिसरी पिढी सिद्ध झाली!

२ मे १९२७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने कायदा उचलून धरला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स शहाऐंशी वर्षांचे, बहुश्रुत व उदारमतवादी म्हणून गाजलेले. देवीची सक्तीची लस ज्या तत्त्वाने टोचता येते त्याच तत्त्वात हेही बसते, आणि मूढांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या, असे त्यांनी लिहिले. ऑक्टोबरात कॅरीवर शस्त्रक्रिया झाली. जर्मनीने १९३३ साली असाच कायदा केला, तेव्हा लाफलिनच्या नमुन्याचा त्यास आधार होता. त्या कायद्याने सुमारे चार लाख माणसे वंध्य केली गेली.

हे वेड दूरदेशीचेच होते असे समजू नये. त्याच १९२७ साली आपल्या ना. सी. फडके यांनी हिंदुस्थानात सुप्रजाजननाची चळवळ व्हावी म्हणून इंग्रजीत ग्रंथ लिहिला. पुढे तीनचार वर्षांतच इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजल्या, आणि युरोपीयांच्या बुद्धिश्रेष्ठतेची खूण कवटीच्या असमतेत असते या गुरूंच्या तर्कास आधार सापडत नाही, असे लिहून दिले. परदेशात, परभाषेत, परीक्षक गुरूसमोर हे करणे आम्हांस लहान वाटत नाही.

आता कारण सांगतो. २०१२ साली क्रिस्पर ही जनुके कापण्याची सोपी कात्री हाती आली. २०२३ पासून सिकल सेल या रक्तविकारावर तिचा मान्यताप्राप्त उपचार होतो. तो रोग्यापुरताच राहतो आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु २०१८ साली हे जियानकुई या चिनी शास्त्रज्ञाने भ्रूणांतच फेरफार करून जुळ्या मुली जन्मास आणल्या, त्याबद्दल त्यास तीन वर्षांची कैद झाली. अमेरिकेत तर काही कंपन्या मोल घेऊन भ्रूणाच्या भावी बुद्धीचा अंदाज सांगू लागल्या आहेत. हंटिंग्टनच्या रोगासारखा, मन व शरीर दोन्ही पोखरणारा विकार एकाच जनुकातून येतो, आणि ते १९९३ साली सापडले, हे खरे. पण छिन्नमनस्कतेशी निगडित अशी २८७ ठिकाणे २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसली. प्रत्येकाचा वाटा अगदी थोडा; उरलेल्यात गर्भावस्था, दारिद्र्य, आघात, असे किती तरी. मग कॅरीच्या बाबतीत ही कात्री कोठे चालविली असती? तिचा दोष होता तो वसाहतीच्या दप्तरात.

व्हिव्हियन शाळेत गेली. १९३१ च्या एप्रिलमध्ये तिचे नाव गुणवंतांच्या यादीत होते. पुढल्याच वर्षी, वयाच्या आठव्या वर्षी, ती आतड्याच्या विकाराने वारली. व्हर्जिनियात आठ हजारांहून अधिक माणसांवर ही शस्त्रक्रिया झाली. कायदा १९७४ साली गेला, राज्यपालांनी २००२ साली खेद व्यक्त केला. सर्वोच्च न्यायालयाने आपला निकाल मात्र आजवर स्पष्ट शब्दांत रद्द केलेला नाही.

कॅरीची धाकटी बहीण डोरिस हिच्यावरही १९२८ साली त्याच वसाहतीत शस्त्रक्रिया झाली होती. अपेंडिक्स काढले, एवढेच तिला सांगण्यात आले. पुढे तिचे लग्न झाले. मूल व्हावे म्हणून दोघांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली. ते का होत नाही, हे तिला कळले तेव्हा मध्ये पन्नास वर्षे गेली होती.