ठिणगीच्या आधीचे तापमान

‘फ्लॅश पॉइंट’ हा शब्दप्रयोग राजकीय भाष्यकारांच्या लेखणीत आता इतका रुळला आहे की, त्याची मूळ वस्ती दिव्याच्या तेलात होती, याचे स्मरण सहसा कोणास राहत नाही. १८५९ साली पेनसिल्व्हानियातील टायटसव्हिल येथे ड्रेकच्या विहिरीस खनिज तेल लागले आणि पुढे घासलेट घरोघर पोहोचले; परंतु तेलाच्या शुद्धीकरणात निघणाऱ्या अत्यंत ज्वालाग्राही नॅफ्थाला, मोटारींचा जन्म व्हावयाचा असल्याने, फारसे गिऱ्हाईक नव्हते आणि नफेखोर व्यापारी तो बिनदिक्कत दिव्याच्या तेलात मिसळीत. दिवे फुटू लागले, माणसे होरपळू लागली आणि ब्रिटिश पार्लमेंटला कायद्याचा मसुदा हाती घ्यावा लागला.

१८६२ च्या कायद्याने, तेलाची वाफ ज्याखाली पेटू नये अशी, शंभर अंश फॅरनहाइटची मर्यादा घातली व १८६८ च्या कायद्याने उघड्या भांड्यातील परीक्षा मुक्रर केली. पण उघड्या भांड्यावरची वाफ वाऱ्याच्या झुळकीसरशी उडून जाई, एकाच तेलाचे दोन परीक्षकांचे आकडे जुळत नसत आणि वादांना ऊत येई. अखेर वुलिच येथील युद्धखात्याचे रसायनज्ञ फ्रेडरिक एबल यांनी बंद झाकणाचे पितळी पात्र सिद्ध केले. तेल सावकाश तापवीत न्यावयाचे, अंशाअंशाने झाकणाची सरकती पट्टी उघडून चिमुकली ज्योत आत डोकवावयाची, तीही दोन फूट दोरीच्या लोलकाचे तीन हेलकावे होईतोवरच, आणि चौथ्या हेलकाव्यात पट्टी मिटवून टाकावयाची. ज्या अंशावर निळसर झळक उठेल, तो त्या तेलाचा फ्लॅश पॉइंट. १८७९ च्या कायद्याने ही रीत स्वीकारताना मर्यादा त्र्याहत्तर अंशांवर आणली. पाहणाऱ्यास कायदा सैल झालासे वाटावे. वस्तुतः कोंडलेली वाफ लवकर पेट घेते, म्हणून मोजपट्टीच बदलली होती. इंग्लंडच्या थंड हवेत ठरलेला हा आकडा मुंबईच्या हिवाळ्यातील दुपारसुद्धा सहज ओलांडते, तरी आपल्या पेट्रोलियम कायद्यातील ‘अ’ वर्गाची सीमा आजही तेवीस अंश सेल्सिअस, म्हणजे जवळजवळ तेवढीच, आहे.

ती झळक उठते आणि तत्क्षणी विझते, ही गोष्ट भाष्यकार बहुधा विसरतात. जाळ टिकून राहण्यास तेल आणखी काही अंश तापावे लागते. शिवाय हा अंश तेलाचा गुण आहे, काडीचा नव्हे.

१८५७ चा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. सातारा, झाशी, नागपूर ही संस्थाने खालसा झाली होती. १८५६ मध्ये अवध गिळंकृत झाले आणि त्याच साली नव्या शिपायांवर समुद्रापारच्या चाकरीची सक्ती आली. १८५७ च्या फेब्रुवारीत बहरामपूरच्या एकोणिसाव्या पलटणीने चरबीच्या संशयावरून काडतुसे नाकारली. २९ मार्चला बराकपुरात मंगल पांडे यांनी शस्त्र उगारले, ८ एप्रिलला ते फासावर गेले आणि बराकपूर शांत राहिले. झळक उठली आणि विझली. मेरठला मात्र ९ मे रोजी, काडतुसे नाकारणाऱ्या पंच्याऐंशी घोडेस्वारांच्या पायांत भर कवायतीच्या मैदानावर, त्यांच्याच सोबत्यांदेखत बेड्या ठोकण्यात आल्या. दुसऱ्याच दिवशी, रविवारी सायंकाळी, छावणी पेटली आणि रातोरात शिपाई दिल्लीच्या वाटेला लागले. काडतुसांचा संशय दोन्हीकडे तोच होता. मधल्या सहा आठवड्यांत अंमलदारांनी काय केले, याचा तपास मला चरबीच्या चर्चेहून अधिक मोलाचा वाटतो.

आपल्याकडे ३१ जुलैस कोल्हापुरात सत्ताविसावी पलटण उठली. तिचा बीमोड झाला; ही झळकही विझली. डिसेंबरात तेथे पुन्हा उठाव झाला, तोही ब्रिटिश अधिकारी जेकब यांनी मोडून काढला आणि छत्रपतींचे बंधू चिमासाहेब यांची रवानगी सरकारने कराचीस केली.