ध्वनिसामग्रीचे रॅक व तारजोडणी
नभोवाणी केंद्रे, ध्वनिमुद्रणगृहे, चित्रपटगृहे व सभागृहे यांतील विवर्धक, समकारक, मिश्रक इ. उपकरणे धातूच्या ज्या उभ्या चौकटीत स्क्रूंच्या साहाय्याने एकावर एक बसवितात, तिला रॅक म्हणतात. उपकरणाच्या दर्शनी पट्टीची रुंदी १९ इंच (४८२.६ मिमी.) असते व उंची १.७५ इंच (४४.४५ मिमी.) या एककाच्या पटीत मोजतात. या एककास 'यू' अशी संज्ञा आहे. शेजारच्या पट्ट्या एकमेकींस घासू नयेत म्हणून प्रत्यक्ष पट्टी या मापापेक्षा सु. ०.८ मिमी. आखूड ठेवतात. ही मापे, तसेच जोडणीच्या बहुतेक रूढ पद्धती ध्वनितंत्रज्ञांनी योजलेल्या नाहीत. त्या दूरध्वनी व्यवसायाकडून आल्या आहेत. त्यांतील काही अद्याप उपयुक्त आहेत, तर काही कारण संपल्यावरही दीर्घकाळ पाळल्या गेल्या.

प्रारंभीच्या दूरध्वनी मार्गात एकच तार असे व प्रवाह जमिनीतून परत येई. १८८० नंतरच्या दशकात शहरांत विजेच्या ट्रामगाड्या धावू लागल्या आणि त्यांच्या प्रवाहाची गुणगुण दूरध्वनीत शिरू लागली. यावर परतीसाठी दुसरी तार टाकणे हा उपाय ठरला. दोन तारा एकमेकींभोवती पिळण्याच्या कल्पनेचे एकस्व अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना १८८१ मध्ये मिळाले होते. पिळलेल्या तारांवर बाहेरून प्रवर्तित होणारा उपद्रव दोन्हींवर जवळजवळ सारखाच असतो आणि ग्राहक टोकाचे रोहित्र केवळ दोन तारांतील दाबाच्या फरकास प्रतिसाद देते, त्यामुळे उपद्रव वगळला जातो. हीच संतुलित जोडणी होय. दोन्ही तारांवरील संकेत समान व विरुद्ध असलाच पाहिजे, असा समज तंत्रज्ञांतही आढळतो. तो बरोबर नाही. दोन्ही तारांचे जमिनीच्या संदर्भातील संरोध समान असणे ही खरी अट आहे.

दूरध्वनी विनिमय केंद्रातील विवर्धक व अग्रसामग्री थोड्या जागेत मावावी यासाठी अमेरिकेतील ए. टी. अँड टी. या कंपनीने १९२० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत १९ इंची रॅक प्रमाण मानला. याच कंपनीच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक या निर्मितीशाखेने वॉर्नर ब्रदर्सच्या व्हायटाफोन बोलपटांसाठी १९२६ मध्ये ध्वनिसामग्री पुरविली आणि दूरध्वनी केंद्रातील रॅक थेट चित्रपटगृहात आला. त्याच्याबरोबर मेणाच्या दोऱ्याने तारांचे जुडगे बांधण्याची रीतही आली. विनिमय केंद्रातील पाव इंची (६.३५ मिमी.) जॅक व प्लग यांवरून ध्वनिमुद्रणगृहातील जोडफलक तयार झाला. यात प्रत्येक उपकरणाचे प्रदान वरच्या ओळीतील, तर पुढील उपकरणाचे आदान खालच्या ओळीतील जॅकवर आणतात. प्लग घातलेला नसताना जॅकमधील स्पर्शकांमुळे दोन्ही आपोआप जोडलेली राहतात. दोरी घातली की मार्ग बदलतो. रॅकच्या मागे हात घालण्याची गरज पडत नाही.

मापनाचा वारसाही तसाच आहे. खांबांवरील उघड्या तारांच्या मार्गाचा अंगभूत संरोध सु. ६०० ओहम असे, म्हणून ६०० ओहमवरील १ मिलिवॉट शक्ती, म्हणजे ०.७७५ व्होल्ट दाब, ही संदर्भपातळी ठरली. बेल प्रयोगशाळा व दोन मोठ्या नभोवाणी कंपन्या यांनी मिळून तयार केलेला 'व्हीयू' मापक १९३९ मध्ये प्रचारात आला. मैलोगणती लांबीच्या मार्गावर संरोध जुळविणे आवश्यक होते. पण २० किलोहर्ट्‌झच्या संकेताची केबलमधील तरंगलांबीदेखील सु. १० किमी. भरते, रॅकमधील दोन-चार मीटर तारेस जुळणीची काहीच गरज नव्हती. तरीही ती पाळली गेली व उगमाचा निम्मा दाब वाया गेला. ट्रँझिस्टरयुक्त उपकरणांत कमी संरोधाचे प्रदान व १० किलोओहम वा अधिक संरोधाचे आदान रूढ झाल्यावरच ही सवय सुटली.

एक्सएलआर संयोजकातील दुसरी पिन धन असावी, हे ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या १९९२ च्या मानकाने निश्चित केले. तोवर काही निर्माते तिसरी पिन धन धरीत. अशी उपकरणे एकत्र आली की संकेताची दिशा उलटे आणि एकाच वाद्यासमोरील दोन ध्वनिग्राहकांचे मंद्र स्वर एकमेकांना मारीत.

याहून गंभीर प्रश्न भूसंपर्काचा आहे. दोन उपकरणांची धातूची पेटी वीजपुरवठ्याच्या भूतारेने जोडलेली असते, शिवाय केबलच्या आवरणानेही जोडली जाते. या वेटोळ्यातून पुरवठ्याच्या कंप्रतेचा, भारतात ५० हर्ट्‌झचा, प्रवाह वाहतो. गुणगुण घालविण्यासाठी प्लगमधील भूतारच तोडून टाकण्याचा प्रघात अनेक ठिकाणी पडला. तो प्राणघातक आहे. आतील निरोधन बिघडल्यास पेटी पुरवठ्याच्या दाबाला पोचते आणि प्रवाहास केबलचे आवरण, ध्वनिग्राहकाची धातूची जाळी व तो धरणाऱ्या गायकाचा हात एवढाच मार्ग उरतो. वस्तुतः दोष बहुधा उपकरणाच्या रचनेत असतो. नील मन्सी यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की, अनेक निर्माते पहिल्या पिनेवरील आवरण पेटीस न जोडता आतील मंडलाच्या संदर्भतारेस जोडतात, त्यामुळे आवरणातील प्रवाह संकेतात मिसळतो. आवरण आत शिरताच पेटीस जोडावे, हा नियम पुढे २००५ च्या मानकात आला. जुन्या सामग्रीबाबत ग्राहक टोकास आवरण तोडणे किंवा मध्ये रोहित्र घालणे हे सुरक्षित उपाय होत.

उभारणीत जड शक्तिविवर्धक तळाशी ठेवतात, वीजपुरवठ्याच्या व संकेताच्या तारा रॅकच्या दोन बाजूंनी नेतात आणि त्या एकमेकींना छेदणे अटळ असल्यास काटकोनात छेदू देतात.

अंकीय संकेताच्या १९८५ च्या मानकात ११० ओहमची पिळलेली जोडीच स्वीकारली गेली. संगणक जालावरून ध्वनी नेण्याच्या २०१३ च्या मानकानंतर विविध निर्मात्यांची सामग्री एकाच जालात जोडणे सुकर झाले. जालातील स्विच त्याच १९ इंची रॅकमध्ये बसतो आणि इथरनेट केबलमध्ये चार पिळलेल्या जोड्या असतात. तांब्याच्या इथरनेट जोडणीच्या दोन्ही टोकांना छोटी रोहित्रे असल्याने भूसंपर्काचे वेटोळे तेथे सहसा बनत नाही. मात्र आवरण असलेली केबल वापरली, तर ते आवरण दोन रॅकांच्या पेट्या पुन्हा एकमेकींना जोडते.