खोडदची रेडिओ-दुर्बीण

ज्या जुन्नर प्रांताने सातवाहनांच्या काळी नाणेघाटाने कोकणात उतरणारे व्यापारी तांडे पाहिले आणि पुढे शिवनेरीवर शिवजन्माचे भाग्य अनुभवले, त्याच प्रांतातील खोडद हे गाव रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप व त्यांच्या सहकाऱ्यांनी विश्वातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ-लहरी टिपण्यासाठी निवडावे, ही घटना या मुलुखाच्या दप्तरात आदराने नोंदविण्याजोगी आहे. मनुष्यनिर्मित रेडिओ-गोंगाट येथे अल्प होता, डोंगरांचा आडोसा होता, पुण्याशी दळणवळण सुलभ होते, आणि भूचुंबकीय विषुववृत्तापासून स्थान पुरेसे उत्तरेस असल्यामुळे वरचे आयनांबर तुलनेने शांत होते.

या दुर्बिणीच्या प्रकल्पास सरकारी मंजुरी मिळाली १९८७ साली. त्याच वर्षी बेडनॉर्ट्झ व म्यूलर यांना उच्च-तापमान अतिसंवाहकांच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक लाभले. या पदार्थांत ताम्र-ऑक्साइडाचे अतिसंवाहक थर एकावर एक रचलेले असतात, आणि मधला विद्युत्-रोधक पडदा इलेक्ट्रॉनांच्या जोड्या न भेदताच पार करतात. जोसेफसनने १९६२ साली वर्तविलेला हा परिणाम बिस्मथयुक्त स्फटिकात निसर्गतःच थरोथर घडतो, हे १९९२ मध्ये क्लाइनर व सहकाऱ्यांनी दाखवून दिले.

मिलिमीटर-लहरींच्या दुर्बिणींचे ग्राहक (रिसीव्हर) अशाच अतिसंवाहक सांध्यांवर चालतात; मात्र त्यांत जोड्या नव्हे, तर सुटे इलेक्ट्रॉन पडदा पार करतात. त्यांतील नायोबियमचे सांधे सुमारे ४ केल्विनपर्यंत गोठवावे लागतात. खोडदसाठी निवडलेल्या मीटर-लहरींच्या टप्प्यात मात्र आकाशगंगेची स्वतःचीच प्रभा शेकडो केल्विनांची असते, म्हणून तेथे ग्राहक कितीही गोठविला तरी लाभ नगण्य. शिवाय लांब लहरींना भरीव पत्र्याची गरज नसते. बारीक पोलादी तारांची जाळी पुरते, आणि तिच्यामुळेच ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना भारतीय साधनांनी, बेताच्या खर्चात, सुमारे २५ किलोमीटरांच्या विस्तारात उभ्या राहू शकल्या. परक्या प्रयोगशाळांची नक्कल न करता आपल्या भूमीस व सामर्थ्यास अनुरूप अशी लहर निवडणे, यातच स्वरूपांची खरी प्रतिभा मला दिसते. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ही दुर्बीण जगातील संशोधकांना अर्पण झाली.

परंतु ग्राहक गोठविण्याची आवश्यकता नसलेल्या या यंत्रास मानवी गोंगाटापासून मात्र कोणतीही शीतलता वाचवू शकत नाही. म्हणून जुन्नर-आंबेगावच्या ग्रामपंचायतींनी, कारखानदारांनी व बागायतदारांनी रेडिओ-लहरी सोडणारे नवे यंत्र बसविण्यापूर्वी खोडदच्या केंद्राकडे अगत्याने विचारणा करावी.