पोर्ट क्रमांक २२: दूरच्या सर्व्हरवर कमांड चालवण्याचा इतिहास

सर्व्हर सांभाळणारा माणूस सहसा सर्व्हरजवळ नसतो. यंत्र एखाद्या डेटा सेंटरच्या थंडगार खोलीत असते, पुष्कळदा दुसऱ्याच देशात, आणि त्याला ना पडदा जोडलेला असतो ना कीबोर्ड. सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर आपल्या जागी बसून काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करतो. ती नेटवर्कवरून सर्व्हरपर्यंत जाते, तिथे चालते आणि उत्तर अक्षरांच्याच रूपात परत येते. या कामाचे बाह्यरूप गेल्या अर्धशतकात फारसे पालटलेले नाही. लॉगिन करणारा माणूस खरोखर तोच आहे का, आणि उत्तर देणारे यंत्र तरी तेच आहे का, या शंकेचे निरसन करण्याची रीत मात्र पार बदलली. सुरुवातीला तर ही शंका फारशी कोणी घेतलीच नव्हती.

लांबून यंत्र चालवण्याचा पहिला जाहीर प्रयोग इंटरनेटच्या कितीतरी आधीचा आहे. ११ सप्टेंबर १९४० रोजी अमेरिकेतील हॅनोव्हर गावी, डार्टमथ कॉलेजात भरलेल्या गणितज्ञांच्या बैठकीत बेल लॅब्जच्या जॉर्ज स्टिबिट्झ यांनी एक टेलिप्रिंटर मांडला. गणित त्यावर टाइप करायचे, ते तारेवरून न्यूयॉर्कमधल्या गणनयंत्राकडे जायचे आणि उत्तर पुन्हा त्याच टेलिप्रिंटरवर छापून यायचे. पुढे साठच्या दशकात एकच मोठा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धत आली, तेव्हाही माणूस आणि यंत्र यांच्यामध्ये टेलिप्रिंटरच होता. १९६३ मध्ये आलेले टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र सेकंदाला जेमतेम दहा अक्षरे छापी आणि त्याच्या कळा जोर लावून दाबाव्या लागत. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधील ‘एलएस’, ‘सीपी’, ‘एमव्ही’, ‘आरएम’ यांसारख्या दोन अक्षरी कमांडचे मूळ बरेचसे याच कष्टात आहे. टेलिटाइपचे नाव आजच्या लिनक्समध्येही ‘टीटीवाय’ या रूपाने टिकून आहे.

इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेट या नेटवर्कवरचा पहिला संदेश म्हणजे मुळात लॉगिनचा प्रयत्न होता, हे अनेकदा नजरेआड होते. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने साडेपाचशे किलोमीटरवरील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संगणकात शिरण्यासाठी ‘लॉगिन’ हा शब्द टाइप करायला घेतला. एल आणि ओ ही अक्षरे पोहोचली आणि पलीकडचे यंत्र कोलमडले. तासाभराने प्रयत्न यशस्वी झाला. दूरचा संगणक समोर असल्यासारखा वापरता यावा, हा त्या नेटवर्कचा एक मुख्य हेतूच होता, ईमेल नंतरची.

या हेतूसाठी घडलेला प्रोटोकॉल म्हणजे टेलनेट. त्याची सुरुवात १९६९ मध्येच झाली आणि मे १९८३ मध्ये जॉन पोस्टेल व जॉइस रेनॉल्ड्स यांनी त्याचे प्रमाण रूप प्रसिद्ध केले. तेव्हा प्रत्येक कंपनीचे टर्मिनल वेगळे आणि प्रत्येकाची अक्षरे पाठवण्याची तऱ्हाही वेगळी होती. टेलनेटने यावर साधा तोडगा काढला: दोन्ही बाजूंनी एक काल्पनिक टर्मिनल गृहीत धरायचे आणि आपापल्या यंत्राची भाषा त्या टर्मिनलच्या भाषेत बदलून घ्यायची. पोर्ट क्रमांक २३ वर चालणाऱ्या या प्रोटोकॉलमधून नाव, पासवर्ड आणि कमांड सगळे जसेच्या तसे, उघड अक्षरांत जाई. अर्पानेटवर मोजक्या विद्यापीठांची आणि संशोधन संस्थांची यंत्रे होती, माणसे एकमेकांना ओळखत होती, म्हणून त्यात कोणाला वावगे वाटले नाही.

१९८३ मध्येच बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या युनिक्सने, म्हणजे ४.२ बीएसडीने, या विश्वासाची पुढची पायरी गाठली. त्यात ‘आर-लॉगिन’, ‘आर-एसएच’ आणि ‘आर-सीपी’ या तीन कमांड होत्या. ‘आर’ म्हणजे रिमोट, दूरचा. यांची सोय अशी की पासवर्डही टाइप करावा लागत नसे. सर्व्हरवरील एका फाइलमध्ये विश्वासू यंत्रांची नावे लिहून ठेवायची. त्या यंत्रावरून कोणी आला की त्याने सांगितलेले नाव खरे मानून आत घ्यायचे. यामागे दोन गृहीतके होती. यंत्राचा पत्ता खोटा सांगता येत नाही, हे पहिले. १०२४ पेक्षा लहान क्रमांकाचे पोर्ट फक्त यंत्राच्या मुख्य व्यवस्थापकालाच उघडता येतात आणि तो व्यवस्थापक भला माणूस असतो, हे दुसरे. घरोघरी पीसी आल्यावर, जिथे प्रत्येक जण आपल्या यंत्राचा मुख्य व्यवस्थापक झाला, दुसरे गृहीतक आपोआप निकालात निघाले. पहिल्यातील कच्चा दुवा १९८५ मध्येच रॉबर्ट टी. मॉरिस या तरुणाने बेल लॅब्जच्या एका टिपणात दाखवून दिला होता: संभाषण जुळवताना सर्व्हर जो क्रमांक देतो त्याचा अंदाज बांधता येत असेल, तर त्याचे उत्तर न पाहताही दुसऱ्याच्या पत्त्यावरून बोलता येते.

याच मॉरिसने २ नोव्हेंबर १९८८ रोजी सोडलेल्या ‘वर्म’ प्रोग्रामने इंटरनेटवरील हजारो यंत्रे ठप्प केली, आणि एका यंत्रावरून दुसऱ्यावर पसरताना त्याने वापरलेल्या मार्गांत हीच विश्वासू यंत्रांची यादी होती. तरीही आर-कमांड वापरात राहिल्या. सोय सहजासहजी सुटत नाही. १९९४ च्या नाताळात सॅन डिएगो येथे सुरक्षातज्ज्ञ त्सुतोमू शिमोमुरा यांच्या संगणकांवर जो हल्ला झाला आणि ज्याचा माग पुढे केव्हिन मिटनिक या हॅकरच्या अटकेपर्यंत गेला, त्यात नऊ वर्षांपूर्वीच्या टिपणातील युक्ती प्रत्यक्षात उतरली. हल्लेखोराने विश्वासू यंत्राचा पत्ता धारण करून एकच कमांड पाठवली. तिने विश्वासू यंत्रांच्या फाइलमध्ये अधिकचे चिन्ह, मोकळी जागा, पुन्हा अधिकचे चिन्ह एवढेच लिहिले. त्याचा अर्थ: कोणत्याही यंत्रावरून कोणीही यावे.

टेलनेटचा घात झाला तो वेगळ्या वाटेने. त्या काळच्या इथरनेटमध्ये एकाच केबलवर अनेक यंत्रे जोडलेली असत आणि कोणाचेही पॅकेट सगळ्यांपर्यंत पोहोचे. ज्याचे त्याने घ्यावे, बाकीच्यांनी सोडून द्यावे, असा शिरस्ता होता. नेटवर्क कार्डाला ‘काहीही सोडू नकोस’ असे सांगता येई. मग एक लहानसा प्रोग्राम ठेवायचा आणि प्रत्येक टेलनेट जोडणीची पहिली काही अक्षरे टिपायची. नाव आणि पासवर्ड त्यातच असायचे. फेब्रुवारी १९९४ मध्ये, मॉरिसच्या वर्मनंतर कार्नेगी मेलन विद्यापीठात स्थापन झालेल्या ‘सर्ट’ केंद्राने इशारा दिला की या पद्धतीने हजारो यंत्रांचे पासवर्ड चोरीला गेले आहेत. सुचवलेला उपाय होता एकदाच वापरायच्या पासवर्डचा. तो चाले, पण रोज वीस वेळा लॉगिन करणाऱ्याने पासवर्डची छापील यादी खिशात बाळगावी आणि वापरलेला प्रत्येक पासवर्ड खोडत जावा, ही अपेक्षा मनुष्यस्वभावाला धरून नव्हती.

१९९५ च्या सुरुवातीला अशीच चोरी फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर उघडकीस आली. तेथील संशोधक तातू यलोनेन यांनी काही महिन्यांत स्वतःच एक पर्यायी प्रोग्राम लिहिला आणि जुलै १९९५ मध्ये तो मोफत खुला केला. नाव ठेवले एसएसएच, म्हणजे सिक्युअर शेल. पोर्ट क्रमांकाची गोष्ट त्यांनी स्वतःच नंतर सांगितली आहे. फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचा क्रमांक २१, टेलनेटचा २३. आपला प्रोग्राम दोघांचीही जागा घेणार असल्याने मधला मोकळा क्रमांक मिळाला तर लोकांचा विश्वास बसेल, असे त्यांना वाटले. १० जुलैला त्यांनी क्रमांक वाटणाऱ्या कार्यालयाला ईमेल पाठवला आणि दुसऱ्याच दिवशी जॉइस रेनॉल्ड्स यांच्याकडून २२ क्रमांक मिळाल्याचे उत्तर आले.

एसएसएच इतक्या झपाट्याने पसरण्यामागे सुरक्षिततेपेक्षा एका व्यवहारी निर्णयाचा वाटा मोठा असावा. यलोनेन यांनी वापरणाऱ्याला नवे काही शिकायला लावले नाही. ‘आर-लॉगिन’ऐवजी ‘एस-लॉगिन’, ‘आर-एसएच’ऐवजी ‘एसएसएच’, ‘आर-सीपी’ऐवजी ‘एससीपी’: एक अक्षर बदलायचे, बाकी सवयी तशाच. पलीकडे एसएसएच नसेल तर जुन्या आर-एसएचकडे वळण्याची तरतूदही पहिल्या आवृत्तीत होती. वर्ष संपेपर्यंत सुमारे पन्नास देशांत वीस हजार लोक हा प्रोग्राम वापरू लागले होते. तो फिनलंडमध्ये लिहिला गेला हेही पथ्यावर पडले, कारण अमेरिकेत तेव्हा भक्कम कूटलेखनाचे सॉफ्टवेअर शस्त्रास्त्रांच्या यादीत होते आणि ते परदेशी पाठवायला परवाना लागे.

एसएसएचचे काम दोन टप्प्यांत चालते. आधी दोन्ही यंत्रे उघड्या तारेवरच काही संख्यांची देवाणघेवाण करून एक गुप्त किल्ली ठरवतात. ऐकणाऱ्याला सगळ्या संख्या दिसल्या तरी ती किल्ली काढता येत नाही. डिफी आणि हेलमन या संशोधकांनी १९७६ मध्ये मांडलेली ही रीत. त्यानंतरचे प्रत्येक अक्षर कूटबद्ध होऊन जाते. दुसरा टप्पा ओळखीचा. वापरणाऱ्याकडे किल्ल्यांची जोडी असते: सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवलेली, खासगी किल्ली स्वतःच्या संगणकावर. खासगी किल्लीने केलेली सही सार्वजनिक किल्लीने तपासता येते, त्यामुळे पासवर्ड तारेवरून जायचे कारणच उरत नाही.

सर्व्हरची ओळख मात्र आजही थोड्याशा भाबडेपणावर उभी आहे. नव्या सर्व्हरशी पहिल्यांदा जोडणी करताना पडद्यावर त्याच्या किल्लीचा ठसा, म्हणजे अक्षरे आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ येते आणि प्रश्न विचारला जातो: पुढे जायचे का? तो ठसा फोनवरून किंवा कागदावरून ताडून पाहावा, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात बहुतेक जण न बघता ‘येस’ टाइप करतात. किल्ली संगणकात नोंदली जाते, आणि पुढे कधी ती बदललेली आढळली तर मोठ्या अक्षरांत धोक्याची सूचना येते. ही सूचना बहुधा सर्व्हर नव्याने बसवला म्हणून आलेली असते, त्यामुळे जुनी नोंद पुसून पुढे जाण्याची सवय लागते. खरा धोका असेल तेव्हाही हात तेच करतात.

यलोनेन यांनी डिसेंबर १९९५ मध्ये कंपनी काढली आणि पुढच्या आवृत्त्यांचा परवाना आवळत गेला. स्वीडनच्या ब्यर्न ग्रोनवाल यांनी १.२.१२ ही मोकळ्या परवान्याची जुनी आवृत्ती शोधून तिच्यावर काम सुरू केले. कॅनडातील कॅलगरी येथे थिओ डी राड्ट यांच्या नेतृत्वाखाली चालणाऱ्या ओपनबीएसडी प्रकल्पाने ते काम उचलले, आणि १ डिसेंबर १९९९ रोजी ओपनबीएसडी २.६ सोबत ओपनएसएसएच बाहेर पडले. आज बहुतेक सर्व्हरवर तेच असते. त्याच वर्षी इंग्लंडच्या सायमन टॅथम यांचा ‘पुटी’ हा छोटा प्रोग्राम विंडोजवाल्यांना मिळाला. मायक्रोसॉफ्टने स्वतः विंडोजमध्ये ओपनएसएसएच द्यायला २०१८ साल उजाडले.

भारतात हा व्यवहार १९८६ पासूनच्या ‘अर्नेट’ या शैक्षणिक नेटवर्कने आणला; मुंबईची नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था आणि पवईची आयआयटी त्यात होत्या. सर्वसामान्यांसाठी व्हीएसएनएल या सरकारी दूरसंचार कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी, म्हणजे एसएसएच जन्मल्यावर महिन्याभराने, इंटरनेट खुले केले. त्यातील स्वस्त ‘शेल अकाउंट’ म्हणजे मोडेमने फोन लावून व्हीएसएनएलच्या युनिक्स सर्व्हरवर लॉगिन करायचे आणि पत्रव्यवहारापासून वेबपानांपर्यंत सगळे तिथल्या काळ्या पडद्यावर अक्षरांतच पाहायचे. चित्रे नसत. मुंबई-पुण्याच्या कित्येक विद्यार्थ्यांना दूरच्या सर्व्हरवर कमांड चालवण्याची पहिली सवय याच अकाउंटने लागली. पुढे अमेरिकेतील सर्व्हर हिंजवडीतून रात्रपाळीत सांभाळणे हा मोठा व्यवसाय झाला.

लांबून काम करण्याचा एक धोका टेलनेटच्या काळापासून तसाच आहे. फायरवॉलचा नियम किंवा नेटवर्कचा पत्ता बदलताना ज्या जोडणीतून कमांड दिली तीच तुटू शकते, म्हणजे स्वतः बसलेली फांदी तोडण्यासारखेच. म्हणून सिस्को राउटरवर काम करणारे आधी ‘रीलोड इन १०’ अशी कमांड देऊन ठेवतात: दहा मिनिटांनी राउटर आपोआप पुन्हा सुरू हो. बदल जमला तर ती रद्द करायची. जोडणी तुटली तर न साठवलेला बदल पुसून राउटर जुन्या मांडणीवर परत येतो. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकमध्ये देखभालीदरम्यान दिलेल्या एका कमांडने डेटा सेंटरना जोडणारे सगळे जाळेच बंद पाडले. लांबून आत शिरण्याचे मार्गही त्याच जाळ्यावर होते. अखेर अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावे लागले आणि सेवा सुरळीत व्हायला सुमारे सहा तास गेले.

एसएसएचवरचे मोठे आघात बहुधा त्याच्या शेजाऱ्यांकडून आले. डेबियन लिनक्समध्ये २००६ साली ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या सॉफ्टवेअर लायब्ररीतील काही ओळी अनावश्यक समजून काढल्या गेल्या, आणि त्यामुळे तयार होणाऱ्या किल्ल्यांची विविधता एका प्रकारासाठी जेमतेम ३२,७६८ वर आली. इतक्या किल्ल्या कोणीही आधीच तयार करून ठेवू शकतो. हे मे २००८ मध्ये जाहीर झाले आणि जगभर किल्ल्या बदलण्याची धावपळ उडाली.

मार्च २०२४ मधील घटना अधिक बेमालूम होती. अँड्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारे अभियंता वेगाच्या चाचण्या घेत असताना त्यांना एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले. त्यांनी माग काढला तो ‘एक्सझेड’ या फाइली आवळणाऱ्या साधनापाशी थांबला. ‘जिया तान’ या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोनेक वर्षे इमानेइतबारे काम करून त्या प्रकल्पाचा विश्वास संपादन केला होता आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला होता. ओपनएसएसएच मुळात एक्सझेड वापरत नाही. पण काही लिनक्स वितरणांनी सर्व्हर सुरू झाल्याची वर्दी लिनक्समधील सेवा सांभाळणाऱ्या ‘सिस्टिमडी’ला देण्यासाठी जी लायब्ररी जोडली होती, तिच्या पाठोपाठ एक्सझेडही आत येत होते. चोरदरवाजाही ठरावीक खासगी किल्लीची सही असलेल्यालाच उघडणार होता, इतरांना नाही. त्या आवृत्त्या तातडीने मागे घेण्यात आल्या. जुलै २०२४ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ९.८ मध्ये ती वर्दी देणारा कोड स्वतः ओपनएसएसएचमध्येच लिहिला गेला, आणि त्यासाठी बाहेरची लायब्ररी जोडण्याची गरज संपली.