जलाशय-पर्यटन
गावाबाहेरील तलाव, सरोवरे आणि धरणांमागील जलाशय येथे सहल, नौकाविहार, गळाने मासेमारी, पोहणे, पक्षिनिरीक्षण, तंबूतील मुक्काम इ. करमणुकींसाठी जाण्याचा प्रघात. यूरोपातील प्रसिद्ध सरोवरे बहुतांशी हिमनद्यांनी कोरलेली, म्हणजे निसर्गनिर्मित आहेत. महाराष्ट्रात उल्कापाताने निर्माण झालेल्या लोणारसारखा अपवाद वगळल्यास मोठे नैसर्गिक सरोवर जवळजवळ नाही आणि लोणारचे पाणीही खारट व क्षारयुक्त आहे. त्यामुळे येथे ज्या पाण्याकाठी लोक सहलीस जातात, ते बव्हंशी पिण्यासाठी, शेतीसाठी, आगगाडीच्या एंजिनांसाठी किंवा विजेसाठी कोणीतरी अडविलेले पाणी असते. करमणूक हा त्याचा मूळ हेतू क्वचितच होता. पर्यटक तेथे मागाहून आले व पाण्यावरील आधीच्या हक्कांशी त्यांचा संबंध आजही पुरता ठरलेला नाही.

तलाव बांधण्याची परंपरा अर्थात जुनी आहे. पूर्व विदर्भात भातशेतीसाठी कोहळी समाजाने बांधलेले तलाव प्रसिद्ध असून नवेगावबांधचा तलाव त्यांतील एक होय. पुण्यास पाणी पुरविणारा कात्रजचा तलाव पेशवाईतील. महाबळेश्वरचे वेण्णा तळे साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधविले. आज ते नौकाविहारासाठी ख्यातनाम असले, तरी गावाच्या पाण्याची सोय हे त्याचे मूळ कारण होते.

मुंबईजवळच्या तलावांचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. शहरास नळाने पाणी देण्यासाठी विहार तलाव १८६० मध्ये पुरा झाला व तुळशी तलाव १८७९ मध्ये. दोन्ही पिण्याच्या पाण्याचे साठे असल्याने तेथील प्रवेश नियंत्रित राहिला आहे. १८९१ मध्ये बांधलेल्या पवई तलावाचे पाणी मात्र पिण्यास अयोग्य ठरले आणि त्यामुळेच तो गळाने मासेमारी करणाऱ्यांस व सहलीस येणाऱ्यांस मोकळा झाला. पाणीपुरवठ्याच्या दृष्टीने जे अपयश, तेच करमणुकीच्या दृष्टीने वरदान ठरले. वाढत्या वस्तीचे सांडपाणी व जलपर्णी यांनी पुढे या तलावाची दुर्दशा झाली. त्याच्या काठावर मगरी अद्याप आढळतात.

पुण्याजवळील खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास पूर्ण झाले व त्याच्या जलाशयास ‘लेक फाइफ’ असे एका इंग्रज अभियंत्याचे नाव मिळाले. १२ जुलै १९६१ रोजी वरच्या अंगाचे, बांधकाम नुकतेच होत आलेले पानशेत धरण फुटले. त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटून पुण्यात प्रलय झाला. धरण पुन्हा बांधण्यात आले. सिंहगडच्या वाटेवरील त्याचा काठ पुढे पुणेकरांची ‘चौपाटी’ बनला व तेथे भाजलेली कणसे आणि कांदाभजी यांच्या गाड्या लागू लागल्या.

अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेवरील भंडारदरा धरणाचे उद्‌घाटन १९२६ मध्ये झाले. सुमारे ८२ मी. उंचीचे हे दगडी धरण कालव्यांच्या पाण्यासाठी बांधलेले असून खालच्या भागातील ऊसशेती व साखरधंदा त्याच्या आधारे वाढला. कळसूबाई व रतनगड यांच्या सान्निध्यामुळे गिर्यारोहकांचाही येथे राबता असतो. धरणाच्या पायथ्याचा छत्रीच्या आकाराचा ‘अंब्रेला’ धबधबा धरणातून पाणी सोडल्यावरच दिसतो. खालच्या अंगाचा रंधा धबधबाही पावसाळ्यानंतर पाणी सोडण्यावरच अवलंबून असतो. अशा रीतीने येथील निसर्गशोभा पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकाने चालते. उन्हाळ्यात जलाशय आटला, की भेगाळलेला गाळ व उघडे खडक एवढेच दृष्टीस पडतात.

विजेसाठी बांधलेल्या जलाशयांमागे विस्थापनाचा इतिहास आहे. टाटांच्या जलविद्युत्‌ योजनांतून लोणावळ्याचा परिसर, आंध्रा खोरे व मुळशी येथे मोठे तलाव निर्माण झाले. मुळशीच्या धरणात जमिनी जाणार म्हणून मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला. त्याचे नेतृत्व पांडुरंग महादेव बापट यांनी केले व त्यातूनच ते ‘सेनापती’ म्हणून ओळखले जाऊ लागले. सत्याग्रह अयशस्वी झाला, गावे बुडाली आणि ज्या खोऱ्यासाठी तो लढा झाला, तेथे आज शहरातील लोक पावसाळी सहलीस जातात. त्यांपैकी किती जणांस पाण्याखालच्या गावांची नावे ठाऊक असतील, हा प्रश्नच आहे.

कोयना धरणाचा (उंची सुमारे १०३ मी.) शिवाजीसागर जलाशय साठाच्या दशकाच्या आरंभी भरू लागला [→ कोयना प्रकल्प]. त्याने खोऱ्यातील अनेक गावे बुडविली व उरलेल्यांचे जुने रस्ते तोडले. त्यांना बाजारास, दवाखान्यास वा पलीकडच्या तीरावर जाण्यास लाँच हेच साधन राहिले. तापोळा व बामणोली येथील ज्या बोटी आज पर्यटकांस वासोटा किल्ल्याच्या पायथ्याशी नेतात, त्यांचा उगम या गरजेत आहे. तापोळ्यास ‘मिनी काश्मीर’ म्हणण्याची रूढी पर्यटनव्यवसायाची असून त्या खोऱ्याचे स्वतःचे रूप वेगळे व अधिक गंभीर आहे.

करमणुकीचा विचार आरंभापासून असलेले उदाहरण म्हणून म्हैसूरजवळील कृष्णराजसागर धरणाच्या पायथ्याचे वृंदावन उद्यान सांगता येईल. दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या पुढाकाराने ते १९३२ मध्ये सिद्ध झाले. त्याच धर्तीवर पैठणच्या जायकवाडी धरणाजवळ ज्ञानेश्वर उद्यान उभारण्यात आले. १९७६ मध्ये उद्‌घाटन झालेल्या या धरणाचा उथळ, विस्तीर्ण नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. गोदावरीवरीलच नांदूरमधमेश्वर येथे विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या बंधाऱ्यामागे इतका गाळ साचला, की साठवण घटून दलदल झाली. अभियंत्यास ही हानी, पण पक्ष्यांस ते आश्रयस्थान ठरले व २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची नोंद झाली. भीमेवरील उजनी जलाशयात (१९८०) भिगवणच्या बाजूस रोहित पक्षी पाहण्यासाठी हिवाळ्यात गर्दी होते. होड्या चालविणारे बहुधा स्थानिक मच्छीमारच असतात.

जलाशयांवरील अपघात हा विषय स्वतंत्रपणे विचारात घेणे अवश्य आहे. जलाशयाचा तळ सपाट नसतो. त्याखाली जुने बांध, विहिरी व नदीचे खोल पात्र असते, काठी निसरडा गाळ असतो आणि गुडघाभर पाण्यातून एका पावलात पुरुषभर खोली लागू शकते. नदीकाठच्या डोहाची माहिती गावात पिढ्यान्‌पिढ्या असते. नव्या जलाशयाची तशी माहिती शहरातून आलेल्यास तर नसतेच. रेल्वेच्या वाफेच्या एंजिनांसाठी बांधलेल्या लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यात बसणे ही पावसाळ्यातील आवडती मौज आहे. ३० जून २०२४ रोजी धरणाच्या वरच्या अंगाच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण अचानक वाढलेल्या प्रवाहात वाहून गेले. त्यानंतर प्रशासनाने अशा स्थळी निर्बंध घातले. त्याच वर्षी मे महिन्यात उजनीत वादळी वाऱ्याने प्रवासी होडी उलटून सहा जण दगावले होते. ही होडी सहलीची नसून नित्याच्या वाहतुकीची होती, हे ध्यानात घ्यावयास हवे. पर्यटकाच्या मृत्यूने निर्बंध येतात; काठच्या रहिवाशास मात्र रोज त्याच पाण्यातून जावे लागते.

मावळातील पवना जलाशयाच्या काठी एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तंबूंतील मुक्कामाचा व्यवसाय वेगाने वाढला. या धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवड शहरास बंद जलवाहिनीने नेण्यास मावळातील शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी त्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. धरणात जमिनी गेलेल्या कुटुंबांतील काही तरुण आता उरलेल्या काठावर तंबू भाड्याने देतात, शेकोटी पेटवितात व शहरातून आलेल्यांस पिठले-भाकरी करून वाढतात.