सुगम्य पीडीएफ : रूपांतराच्या साधनांची पारख

कार्यालयीन दस्तऐवजाचे पीडीएफ करणे हे आता क्षणाचे काम आहे. मात्र ते पीडीएफ दृष्टिहीन सहकाऱ्याच्या स्क्रीन रीडरला नीट वाचता येईलच असे नाही. त्यासाठी मजकुरामागे शीर्षक, परिच्छेद, यादी, तक्ता यांची ओळख सांगणाऱ्या खुणा, म्हणजेच टॅग, असावे लागतात. त्यांचे आंतरराष्ट्रीय मानक पीडीएफ/यूए हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील संघीय कार्यालयांना कलम ५०८, तर ब्रिटनमधील सार्वजनिक संस्थांना २०१८ चे नियम सुगम्यतेसाठी बांधून घेतात.

बहुतेकांना नवे साधन विकत घेण्याची गरज नसते. विंडोजवरील वर्डमध्ये ‘सेव्ह अ‍ॅज’ने पीडीएफ करताना पर्यायांतील दस्तऐवज-रचनेच्या टॅगची खूण तपासावी. ‘प्रिंट’मार्गे पीडीएफ केल्यास हे टॅग गळून पडतात. लिबरऑफिसच्या ७.० आवृत्तीपासून थेट पीडीएफ/यूए निर्यात करता येते, तीही विनामूल्य. मूळ फाइल हाती नसेल, तर अ‍ॅक्रोबॅट प्रोसारख्या सशुल्क साधनाने पीडीएफमध्येच टॅग दुरुस्त करता येतात. पण मूळ दस्तऐवज बदलून पुन्हा रूपांतर केले की ही सारी मेहनत वाया जाते. साधन कोणतेही असो, केवळ ठळक आणि मोठ्या केलेल्या ओळीला ते शीर्षक मानेल याची खात्री नाही. वर्डमधील ‘स्टाइल्स’ वापरूनच शीर्षके द्यावी लागतात.

तपासणीसाठी विंडोजवर चालणारे ‘पॅक’ हे विनामूल्य साधन उपयुक्त आहे. चित्राला पर्यायी वर्णन आहे की नाही, हे ते सांगते. ते वर्णन अर्थपूर्ण आहे का, हे माणसानेच पाहायचे.

मराठी दस्तऐवजांचा, उदाहरणार्थ मंडळाच्या इतिवृत्ताचा किंवा दिवाळी अंकाचा, प्रश्न अधिक बिकट आहे. युनिकोडपूर्व फॉन्टमधील मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो, पण स्क्रीन रीडरला तिथे निरर्थक रोमन अक्षरे सापडतात. युनिकोड असूनही काही साधने ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे यांचा क्रम बिघडवतात. म्हणून निवडीपूर्वी एक परिच्छेद पीडीएफमधून उचलून नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावा. तो विस्कटला, तर ते साधन मराठीसाठी बाद समजावे. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवलेली असावी, अन्यथा देवनागरी वाचायला इंग्रजी आवाज पुढे होऊ शकतो. शेवटी एनव्हीडीए या विनामूल्य स्क्रीन रीडरवर दोन पाने ऐकावीत. त्यातील ईस्पीकचा मराठी आवाज यांत्रिक असला, तरी चुका लपवत नाही.