कुत्र्याच्या अंगी रक्त किती?

प्राण्याच्या अंगात रक्त असते, हे कोणास सांगावे लागत नाही. ते किती असते, हे सांगणे मात्र फार काळ अवघड होते. इंग्लंडमध्ये विल्यम हार्वी याने १६२८ साली रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला, तो बराचसा हिशेबाच्या बळावर. मेंढीच्या अंगी सुमारे चार पौंड रक्त असते, असे त्याला आढळले होते. हृदय अर्ध्या तासात त्याहून अधिक रक्त पुढे ढकलते; तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे, हे उघड झाले.

पुढे १६६५ च्या सुमारास ऑक्सफर्ड येथे रिचर्ड लोअर या वैद्याने एका कुत्र्याचे रक्त तो गलितगात्र होईपर्यंत काढले आणि शेजारी बांधलेल्या दांडग्या कुत्र्याच्या मानेतील धमनीचे रक्त नळीने त्याच्या शिरेत सोडले. असे वारंवार करूनही तो कुत्रा अखेर मेजावरून उडी मारून गवतात लोळू लागला. रक्त देणारे दोन कुत्रे मात्र प्राणास मुकले.

देणाऱ्याचा जीव राखावयाचा, तर आधी माप हवे. जर्मन शास्त्रज्ञ व्हेल्कर याने १८५४ साली रक्तवाहिन्या धुऊन, त्या पाण्याच्या तांबडेपणावरून रक्ताचे मान काढण्याची रीत सांगितली. पण तीत प्राणी मारावाच लागे. १९१५ साली अमेरिकेत कीथ, राउनट्री व गेराटी यांनी जिवंतपणीच मोजण्याची युक्ती योजिली. रांजणात मोजका रंग कालवावा आणि पाण्याच्या फिकेपणावरून रांजणाचे माप सांगावे, तशीच ही रीत. शिरेतून दिलेला रंग किती फिका झाला, यावरून रक्तातील द्रवाचे मान कळे. रक्तपेशींचे प्रमाण निराळे पाहून एकूण रक्ताचा आकडा मिळे.

आज पशुवैद्य किलोमागे ८० ते ९० मिलिलिटर रक्त धरतात. स्थूल कुत्र्याच्या बाबतीत हा हिशेब फुगतो. कारण चरबीत रक्त थोडे. तीन किलोच्या पिलाच्या अंगी जेमतेम पाव लिटर रक्त. त्यातील ५० मिलिलिटर सांडले, तरी पाचवा हिस्सा गेला! उलट २५ किलोंहून अधिक वजनाचा निरोगी कुत्रा एका वेळी सुमारे ४५० मिलिलिटर रक्त देऊन आपल्या पायांनी घरी जातो. लोअरच्या मेजाशेजारी बांधलेल्या कुत्र्यांना जे अभय नव्हते, ते आजच्या दात्या कुत्र्याला या साध्या गुणाकाराने लाभले आहे.